लोककथा वाचताना ‘कशावरून?’चे उत्तर कसे शोधायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: पाचवी-सहावीच्या मुलांना लोककथा वाचायला दिली आणि ‘म्हातारी कशी होती?’ असे विचारले, की ‘हुशार’ एवढे एका शब्दाचे उत्तर येते. ‘कशावरून?’ म्हटले की काही जण आख्खी गोष्ट पुन्हा लिहून काढतात, काही ‘मला तसं वाटतं’ म्हणून मोकळे होतात. मजकुरातला पुरावा शोधायला, त्यावरून अनुमान बांधायला आणि अनुमान व नुसता अंदाज यांतला फरक ओळखायला कसे शिकवावे?

मुले अडतात त्याचे मोठे कारण लोककथेच्या घडणीत आहे. कादंबरीकार पात्राच्या मनात शिरून तिथे काय चालले आहे ते लिहितो. लोककथा तोंडी सांगत आलेली असते आणि ती सहसा मनात शिरत नाही. कोण कुठे गेले, काय बोलले, काय केले, तेच पुन्हा कसे घडले, एवढेच ती सांगते. ‘तिला भीती वाटली’, ‘तिने मनाशी ठरवले’ अशी वाक्ये तिच्यात फार थोडी. मुले मात्र विशेषणे शोधत बसतात. ती सापडत नाहीत, म्हणून मग मनची घालतात. त्यामुळे पुरावा कृतीत, बोलण्यात, पुनरावृत्तीत आणि दोन वाक्यांमधल्या मोकळ्या जागेत शोधायचा असतो, हे त्यांना आधी दाखवावे लागते.

नुसत्या नियमांनी हे समजत नाही, समोर मजकूर हवा. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घेऊ. घरोघरी तिचा शेवट वेगळा सांगतात. खालचे रूप या उत्तरापुरते मांडले आहे आणि वाक्यांना क्रमांक दिले आहेत.

१. एक होती म्हातारी. तिची लेक जंगलापलीकडच्या गावात राहायची.
२. एकदा म्हातारी काठी टेकत टेकत लेकीकडे निघाली.
३. वाटेत वाघ आडवा आला. म्हणाला, “म्हातारे, मी तुला खाणार.”
४. म्हातारी म्हणाली, “माझ्या अंगावर आहेत नुसती हाडं. लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होऊन येते, मग मला खा.”
५. वाघ बाजूला झाला.
६. पुढे कोल्हा भेटला. तोही तेच म्हणाला, म्हातारीनेही तेच सांगितले.
७. लेकीकडे म्हातारी महिनाभर राहिली. खाऊन-पिऊन चांगली जाडजूड झाली.
८. निघायच्या दिवशी लेकीने एक मोठा भोपळा कोरून दिला. म्हातारी आत बसली.
९. वाटेत वाघाने विचारले, “भोपळ्या, भोपळ्या, म्हातारी पाहिलीस?” आतून आवाज आला, “म्हातारी-कोतारी मी नाही पाहिली. चल रे भोपळ्या टुणुक टुणुक!” वाघ वाट बघत बसला.
१०. कोल्ह्यानेही तेच विचारले, तेच उत्तर आले. कोल्हा म्हणाला, “भोपळा कधी बोलतो का?” आणि त्याने भोपळ्याला लाथ घातली.
११. भोपळा फुटला. म्हातारीने मुठीतली राख कोल्ह्याच्या डोळ्यांत फेकली.
१२. कोल्हा डोळे चोळतोय तोवर म्हातारी घरात शिरली आणि तिने आतून कडी लावली.

अनुमान म्हणजे काय हे शिकवायला व्याख्या लागत नाही. या गोष्टीतला कोल्हाच अनुमान करून दाखवतो. पुरावा: भोपळ्यातून उत्तर आले. आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट: भोपळे बोलत नाहीत. निष्कर्ष: आत कोणीतरी आहे. वाघाच्या कानावर अगदी हेच शब्द पडले होते. पुरावा दोघांकडे सारखाच होता, पण वाघाने त्याला आपल्या माहितीची जोड दिली नाही. वर्गात विचारा, “वाघाला काय ऐकू आलं नाही?” मुले म्हणतील, त्याला सगळे ऐकू आले होते. मग पुढचा प्रश्न, “तर मग कमी काय पडलं?” पुरावा हाती असूनही अनुमान का निघत नाही, हे मुलांना तिथेच समजते.

नवव्या वाक्यात आणखी एक खूण आहे. ती सहसा कोणी दाखवत नाही. ‘चल रे भोपळ्या’ ही हाक आहे. भोपळा स्वतःच बोलत असता तर त्याने स्वतःला हाक मारली नसती. म्हातारीने ‘पाहिली नाही’ म्हणून स्वतःला लपवले आणि लगेच पुढच्या वाक्यात उघडे पाडले. ही खूण कोल्ह्याला कळली का? मजकूर तसे म्हणत नाही. कोल्हा फक्त भोपळ्याच्या बोलण्याबद्दल बोलतो. म्हणून ‘हाकेवरून कोल्ह्याने ओळखले’ हे उत्तर चूक आणि ‘हाकेवरून वाचकाला ओळखता येते’ हे बरोबर. पात्राला काय कळले आणि वाचकाला काय कळते, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या.

आता उत्तराच्या बांधणीकडे येऊ. डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे असे आपण म्हणतो. न्यायशास्त्राने, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या जुन्या परंपरेने, या साध्या अनुमानाचे पाच अवयव केले: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. मुलांसाठी पाचही नावे नकोत. दावा, पुरावा आणि दुवा हे तीन शब्द पुरतात. दावा: डोंगरावर आग आहे. पुरावा: धूर दिसतो. दुवा: जिथे धूर तिथे आग, हे आपल्याला चुलीवरून ठाऊक आहे. यातला दुवाच हमखास गळतो. मुलगा लिहितो, “म्हातारी हुशार होती, कारण ती म्हणाली ‘जाडजूड होऊन येते, मग मला खा.’” दावा आहे, पुरावा आहे, पण या वाक्यात हुशारी कुठे आहे ते लिहिलेले नाही. दुवा घातला की उत्तर असे होते: “म्हातारीने दयेची भीक मागितली नाही. थांबलास तर तुझा फायदा आहे, असे तिने वाघाला सांगितले. जास्त मिळेल या आशेने वाघाने समोरची शिकार सोडली (वाक्य ५). म्हणजे समोरच्याची हाव ओळखून बोलण्याची हुशारी तिच्याकडे होती.” दुवा लिहिताना ‘हुशार’ हा ढोबळ शब्द आपोआप नेमका झाला, हे पाहा. दुवा मागायचा तो मुख्यतः एवढ्यासाठी.

पुरावा उतरवताना तीन ते दहा शब्द पुरतात. त्याहून लांब अवतरण आले, तर नेमका कोणता भाग कामाचा आहे हे मुलाला कळलेले नाही असे समजावे. त्याला वाक्य क्रमांक लिहायला सांगा आणि त्यातले ज्यांच्यावाचून चालणार नाही तेवढेच शब्द अवतरणचिन्हांत ठेवायला सांगा. पूर्ण गोष्ट पुन्हा लिहिण्याची सवय यानेच सुटते.

निवेदकाचे वाक्य आणि पात्राचे बोलणे यांत फरक न करणे ही सर्वांत जास्त होणारी चूक. लोककथेत निवेदकावर सहसा विश्वास ठेवता येतो. ‘म्हातारी जाडजूड झाली’ असे तो म्हणतो, म्हणजे ती झाली. पात्राच्या बोलण्यावरून मात्र ते तसे बोलले एवढेच सिद्ध होते. ‘म्हातारी वाघाकडे खायला परत येणार होती, कारण ती म्हणाली “मग मला खा”’ या उत्तरात शब्द मजकुरातलेच आहेत, तरी अनुमान पडते. तिने वचन मनापासून दिले होते की नाही हे चौथ्या वाक्यावरून ठरतच नाही. ते आठव्यात कळते. वाघासमोर जायचेच असते तर लपून बसायला भोपळा कशाला लागला असता? म्हणजे पुढचे वाक्य मागच्याचा अर्थ पक्का करते. म्हणून सुरुवातीला बांधलेले अनुमान पेन्सिलने लिहायला लावावे. नंतर ते खोडावे लागले तर तो वाचनाचाच भाग आहे.

अनुमान टिकते की नाही हे तपासायला नैयायिकांची (न्यायशास्त्राच्या अभ्यासकांची) हेत्वाभासांची, म्हणजे दिसायला कारण पण खरे कारण नव्हे अशा दोषांची, यादी फार उपयोगी पडते. सव्यभिचार हा दोष पाहा. असा पुरावा दाव्याला लागू पडतो आणि त्याच्या उलट दाव्यालाही. ‘म्हातारी घाबरली होती, कारण तिने वाघाला थांबवले.’ पण न घाबरलेल्या माणसानेही थांबवलेच असते. मुलांना शिकवायचा प्रश्न एकच: “उलटा दावा केला तर हेच वाक्य त्याच्याही कामी येईल का?” येत असेल तर पुरावा कमजोर आहे, दुसरा शोधा. असिद्ध म्हणजे जो पुरावा मजकुरात नाहीच. ‘म्हातारीने युक्तीने भोपळा मागून घेतला’ असे बरीच मुले लिहितात, कारण घरी तसे ऐकलेले असते. या रूपात लेकीने भोपळा दिला, कोणी मागितला हे सांगितलेले नाही. बाधित म्हणजे दुसरे वाक्य ज्याला सरळ खोडून काढते. ‘दोन्ही जनावरे मूर्ख होती’ हा दावा दहाव्या वाक्यापाशी संपतो. सत्प्रतिपक्षाकडे, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखेच वजन असते त्या प्रसंगाकडे, पुढे येतो.

आणखी एक कसोटी मुलांना खेळासारखी करता येते. ज्या वाक्याचा पुरावा दिला ते बोटाने झाका आणि गोष्ट पुन्हा वाचा. दावा तसाच उभा राहिला तर तो त्या वाक्यावर उभाच नव्हता.

या कसोटीने अकराव्या वाक्याकडे पाहा. ‘राख’ हा एवढासा शब्द. तो काढून ‘माती’ घाला. गोष्ट पुढे तशीच जाते, पण एक महत्त्वाचे अनुमान हरवते. माती वाटेवर कुठेही मिळते. भोपळा फुटल्यावर खाली पडलेल्या म्हातारीने ती सुचेल तशी उचलली असती. राख मात्र चुलीत असते, आणि या जंगलात कुठे आग किंवा चूल असल्याचा उल्लेख नाही. ‘मुठीतली’ या शब्दावरून ती तिच्या हातात आधीपासून होती असे दिसते. म्हणजे बहुधा लेकीच्या घरातून निघतानाच तिने राख मुठीत घेतली. म्हणजे भोपळ्याची युक्ती फसू शकते, हे तिने निघण्यापूर्वीच धरले होते. लोककथेत असे तपशील मोजकेच टिकतात, तोंडोतोंडी जाताना अनावश्यक वस्तू गळत जातात. म्हणून उरलेल्या प्रत्येक वस्तूपाशी थांबून ‘हीच का? इथे का?’ असे विचारणे सार्थकी लागते. इथे ‘बहुधा’ हा शब्दही मुलांनी लिहायला हवा. ‘नक्की’, ‘बहुधा’ आणि ‘शक्य आहे’ या तीन पायऱ्या त्यांना वेगवेगळ्या वापरता आल्या पाहिजेत. म्हातारी भोपळ्यात होती हे नक्की, राख लेकीच्या चुलीतली होती हे बहुधा, ती लेकीनेच काढून दिली हे फक्त शक्य.

मोकळ्या जागेचे अनुमान वेगळ्या जातीचे. सातव्या आणि आठव्या वाक्यामध्ये काहीतरी घडले आहे, ते सांगितलेले नाही. लेक भोपळा कोरते आणि आई त्यात मुकाट बसते. वाघ-कोल्ह्याची गोष्ट लेकीला कळल्याशिवाय ती असे करणार नाही. म्हणजे मधल्या महिन्यात म्हातारीने तिला सगळे सांगितले. हे अनुमान भक्कम आहे, कारण त्याशिवाय पुढची कृती लागतच नाही. त्याच जागेत एखादा मुलगा ‘लेक रडली असेल’ असे लिहितो. तेही अशक्य नाही, पण गोष्टीतले काहीच त्यावर अडलेले नाही. पहिले ते अनुमान, दुसरी कल्पना. कल्पनेला वर्गात मनाई करू नये, तिला वेगळी वही द्यावी.

दुव्यासाठी कोणती माहिती वापरायची यालाही मर्यादा आहे. लोककथेच्या जगाचे स्वतःचे नियम असतात. तिथे वाघ बोलतो, कोल्हा बोलतो, म्हातारीला त्याचे काहीच वाटत नाही. भोपळा मात्र बोलत नाही, आणि हे कोल्हाच सांगतो. ‘प्राणी बोलू शकत नाहीत, म्हणून म्हातारीला भास झाला’ हे अनुमान बाहेरचा नियम आत लादते.

कथनाच्या रूढीलाही पुरावा समजू नये. डॅनिश लोकसाहित्य अभ्यासक अ‍ॅक्सेल ओलरिक यांनी १९०९ मध्ये लोककथांच्या रचनेचे काही नियम मांडले. एका प्रसंगात बहुधा दोनच पात्रे समोरासमोर येतात, घटना ठरावीक आकड्याने (युरोपात बहुतेक तीनदा) पुन्हा घडतात आणि परस्परविरुद्ध पात्रे शेजारी उभी केली जातात, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणून ‘म्हातारी एकटीच जंगलातून गेली, यावरून तिला शेजारीपाजारी नव्हते’ हे अनुमान करू नये, लोककथेतले प्रवासी एकटेच असतात. पुनरावृत्ती मात्र पुराव्याची खाण आहे, पण पाहायचे असते ते जिथे ती मोडते तिथे. वाघ आणि कोल्हा यांचे प्रश्न सारखे, मिळालेली उत्तरे सारखी, शेवट वेगळा. जे सारखे आहे ते बाजूला सारा, उरलेला फरक हा पुरावा. ‘वाट बघत बसला’ आणि ‘लाथ घातली’ हे दोन तुकडे शेजारी लिहिले की दोघांच्या स्वभावावर चार ओळी मुले स्वतःहून लिहितात.

दोन्ही बाजूंनी पुरावा असतो तेव्हा काय करायचे यासाठी चिऊ-काऊची गोष्ट उत्तम. काऊचे घर शेणाचे, चिऊचे मेणाचे. मोठा पाऊस आला आणि काऊचे घर वाहून गेले. का वाहून गेले हे गोष्ट सांगत नाही. शेण पाण्यात विरघळते आणि मेण विरघळत नाही, ही माहिती ऐकणाराच घालतो. अगदी लहान मूलही इथे नकळत अनुमान करते. पुढे काऊ दार ठोठावतो आणि चिऊ म्हणते, थांब, बाळाला अंघोळ घालते. थांब, बाळाला तीट लावते. थांब, बाळाला झोपवते. चिऊ खरोखर कामात आहे की टाळते आहे? कामात आहे म्हणावे तर सगळी कामे खऱ्या आईची आहेत आणि ती ‘नाही’ कधीच म्हणत नाही. टाळते आहे म्हणावे तर यातले एकही काम दार उघडून काऊला आत घेतल्याने अडले नसते. हाच सत्प्रतिपक्ष. इथे एक बाजू ‘बरोबर’ म्हणून गुण देणे अन्यायाचे होईल. मुलाने आपली बाजू निवडावी, तिचा पुरावा द्यावा आणि समोरच्या बाजूचा सर्वांत जोरदार पुरावाही एका वाक्यात मान्य करावा.

वर्गात किंवा घरी घ्यायचे तर मजकूर दहा ते पंधरा वाक्यांचाच ठेवा, म्हणजे एका तासिकेत काम पुरे होते. पहिले वाचन मोठ्याने आणि पेन्सिलीशिवाय. लोककथा कानाची आहे, ती कानावर पडल्याशिवाय तिची पुनरावृत्ती लक्षात येत नाही. दुसऱ्या वाचनात वाक्यांना क्रमांक द्या आणि पात्रांच्या बोलण्याखाली एका रंगाची, कृतीखाली दुसऱ्या रंगाची रेघ मारायला सांगा. तिसऱ्या वाचनात ज्या दोन वाक्यांमध्ये काही गळले आहे असे वाटते तिथे फुली. मग एकच प्रश्न द्या, एकाच वेळी पाच नकोत. दाव्यासाठी गोष्टीतल्या दोन वेगळ्या जागांचे पुरावे मागा, कारण एका जागेवर उभे असलेले अनुमान बऱ्याचदा सव्यभिचारी निघते. प्रश्न विचारतानाही जपा. ‘म्हातारी हुशार होती हे पटवून द्या’ असे विचारले की दावा तुम्हीच करून दिला आणि मुलांकडे फक्त वाक्ये शोधण्याचे काम उरले. ‘वाघ आणि कोल्हा यांपैकी म्हातारीला जास्त धोका कोणापासून होता?’ या प्रश्नात दावा, पुरावा आणि दुवा तिन्ही मुलांना उभे करावे लागतात.

चार गुणांचा प्रश्न असेल तर दाव्याला एक, पुराव्याला एक आणि दुव्याला दोन द्या. तीन घटकांना गुण सारखे वाटून दिले की मुले दुवा सोडून देतात, कारण बाकीचे दोन सोपे असतात. दावा अनपेक्षित असला तरी पुरावा मजकुरातला आणि दुवा टिकणारा असेल तर पूर्ण गुण द्यावेत.

बोधाचा प्रश्न शेवटी घ्या, आधी घेतला तर सगळे वाचन त्याच्याच मागे फरफटते. ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’ हे वाक्य मुलांच्या ओठांवर तयार असते. ते नाकारण्याऐवजी गोष्टीवर घासून पाहायला लावा. वाघाच्या प्रसंगाला ते लागू पडते. कोल्ह्याकडे मात्र शक्ती नाही, युक्तीच आहे, आणि त्याच्यापुढे म्हातारीची भोपळ्याची युक्ती हरते. तिला वाचवते ती मुठीतली राख. म्हणजे या रूपाचा बोध दुसरी तजवीज तयार ठेवण्याकडे झुकतो. हीच कथा बंगालीत आणि फारसीतही सांगतात. एका बंगाली रूपात म्हातारीचे पाळलेले कुत्रे शेवटी धावून येतात. तिथे राख नाही, म्हणून हा बोधही तिथे लागू नाही. मुलाने घरी वेगळा शेवट ऐकला असेल तर तोही फळ्यावर लिहून घ्या आणि तिथला बोध त्याच रूपातल्या वाक्यांवरून काढायला सांगा.